मोजक्या बाटल्यांची महाग बिअर : किमतीचा एक हिशेब

शेतकीच्या मासिकात बिअरवर लेख पाहून कित्येक वाचकांच्या कपाळास आठी पडेल. आम्ही स्वतः पीत नाही, व कोणी प्यावे असे सांगण्याचाही या लेखाचा हेतू नाही. परंतु बिअर ही अखेर धान्यापासूनच होते, आणि तिच्यावर हल्ली आपल्याच घरची मुले पैसा खर्च करू लागली आहेत. तेव्हा तो पैसा कशाचा द्यावा लागतो, हे पाहण्याचा शेतकऱ्यास अधिकार आहे.

प्रसंग असा घडला. आमचा एक पुतण्या ठाण्यास नोकरीस असतो. दिवाळीस घरी आला तेव्हा त्याने एक लहानशी काळी बाटली आणली. आत ३३० मिलिलिटर, म्हणजे दीड फुलपात्रभर बिअर. किंमत ७०० रुपये. "काका, या अशा बाटल्या मोजक्याच निघतात, पुन्हा निघत नाहीत," असे त्याने मोठ्या कौतुकाने सांगितले. २०२५-२६ साली साधारण भाताचा सरकारी हमीभाव क्विंटलास २,३६९ रुपये होता. त्या भावाने ती एक बाटली म्हणजे साडेएकोणतीस किलो भात होतो. पुढे कळले की त्याच्या एका स्नेह्याने, ज्याच्या घरी महामार्गात गेलेल्या जमिनीचा मोबदला आला आहे, अशा चाळीस बाटल्या 'ठेव' म्हणून घरात जमविल्या आहेत. हे ऐकल्यावर मात्र आम्हांस स्वस्थ बसवेना.

प्रथम बिअर कशी होते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. आपल्याकडे नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून तिचे सत्त्व करतात. तीच क्रिया सातूवर करतात व मोड आलेले सातू भट्टीत वाळवितात. त्यास माल्ट म्हणतात. माल्ट भरडून सुमारे ६५ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवले की त्यातील पिठाची साखर होते. तो गोड रस गाळून घेऊन उकळतात व त्यात हॉप्स नावाच्या वेलीची बोंडे टाकतात. बिअरचा कडूपणा व वास त्यांचा. ही वेल थंड मुलखाची असल्याने बोंडे बहुतेक परदेशाहून येतात. रस निववून यीस्ट घातले की साखरेचे मद्य होते. उरलेला चोथा गुरांस उत्तम लागू पडतो. भट्टी जवळ असेल तर दुभत्या जनावरांच्या मालकांनी त्याची चौकशी अवश्य करावी.

आता हिशेब. साध्या बिअरच्या एका लिटरास १७० ते २०० ग्रॅम माल्ट लागते. पुतण्याने आणलेली बिअर जाड व दुप्पट कडक जातीची होती. तिला लिटरामागे ३५० ग्रॅम धरू. म्हणजे एका बाटलीत सुमारे ११५ ग्रॅम माल्ट, आणि तेवढ्या माल्टास सातू १४५ ग्रॅमच्या आसपास. २०२५-२६ च्या रब्बी खरेदी हंगामात सातूचा हमीभाव क्विंटलास १,९८० रुपये होता. त्या दराने सातशे रुपयांच्या बाटलीत सातू पिकविणाऱ्याचा वाटा तीन रुपयांच्या आतच बसतो. माल्ट परदेशी व दहापट महाग धरले, तरी तीस रुपयांवर जात नाही. याचा अर्थ उरलेली सारी लूट आहे असा कोणी करू नये. तो उतावळेपणा होईल.

कारण लहान भट्टीस खर्च खरोखरच अधिक येतो. हातसडीचा तांदूळ गिरणीच्या तांदळाहून महाग का, हे ज्यास कळते त्यास हेही कळेल. एक लाख लिटर शिजविण्यास जी देखरेख लागते, जवळजवळ तेवढीच एक हजार लिटरांस लागते. पुण्यात २००९ साली सुरू झालेली डूलाली काय, किंवा आपल्याच जिल्ह्यात डोंबिवलीस २०१४ साली सुरू झालेली गेटवे काय, अशा भट्ट्यांचा माल मोठ्या कारखान्यांच्या मानाने मूठभर. त्यातून एखादे पिंप नासले तर मोठ्या कारखान्यास ते जाणवतही नाही, लहानाचा मात्र महिन्याचा नफा बुडतो. शिवाय साध्या बिअरला लिटरामागे एक-दोन ग्रॅम हॉप्स पुरतात; सुवासिक जातीस दहा-वीस ग्रॅम पडतात, आणि तो वास थोड्याच महिन्यांत उडून जात असल्यामुळे माल थंडगारच न्यावा लागतो. समुद्रपट्टीच्या ताडीचे जसे आहे की सकाळची ती सकाळीच, तसाच हा प्रकार समजावा. अशा मालास तो ताजा असताना, भट्टीच्या दारी, साध्या बिअरच्या दीडपट किंमत पडली तर ती आम्ही गैर म्हणणार नाही.

दुसरा खरा खर्च मुरविण्याचा. पुतण्याची बिअर व्हिस्कीच्या रिकाम्या लाकडी पिंपात वर्षभर ठेविलेली होती. ठेविल्याने कांही भाग लाकडातून उडून जातो, जागा अडते, भांडवल अडकते. आपण तांदूळ वर्षभर जुना करून विकतो तेव्हा घट व व्याज धरून भाव चढवितोच. त्याच जातीची न मुरविलेली बाटली २५० रुपयांस मिळते असे चौकशीअंती कळले. तीवर घट, व्याज, पिंपाची किंमत व त्या वाढीवरील कर धरून आमच्या अंदाजाने ३५० रुपयांपर्यंत जाता येते. उरलेले ३५० रुपये कशाचे? ते केवळ बाटल्या मोजक्या असल्याचे.

मोजकेपणा दोन प्रकारचा असतो. फाल्गुनात आलेला पहिला आंबा मोजका असतो, कारण झाडानेच तेवढा दिला. आणि दुसरा मोजकेपणा गोदामात माल ठेवून दारावर 'संपला' अशी पाटी लावणाऱ्याचा. बेल्जममध्ये वेस्टव्लेटरेन येथे संत सिक्स्टसचा मठ आहे. तेथील साधू मठाचा खर्च भागण्यापुरतीच बिअर काढतात. २००५ साली बिअरच्या शोकिनांनी तिला जगात पहिली ठरविले, तेव्हा दारापुढे वाहनांच्या रांगा लागल्या. तरी साधूंनी उत्पन्न वाढविले नाही व भावही भडकविला नाही. आगाऊ नोंद करून जो जाईल त्यास ती माफक दरात मिळते, आणि पुन्हा विकू नये अशी अट असते. ती मोडून बाहेरचे लोक तीच बाटली कित्येक पटींनी विकतात. बाटलीतील पदार्थ दोन्हीकडे एकच. याच्या उलट स्कॉटलंडातील ब्रूडॉग या मंडळीने २०१० साली ५५ टक्के मद्याची बिअर काढून तिच्या बाराच बाटल्या मेलेल्या खारी, ससा व मुंगसासारख्या एका प्राण्याच्या पेंढा भरलेल्या कातड्यांत घातल्या व ५०० ते ७०० पौंडांस विकल्या! त्यात बिअरची किंमत किती व खारीची किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कोणी म्हणेल, चवीत फरक पडतो त्याचे काय? म्हणून आम्ही घरीच एक परीक्षा केली. ती तांदळास, गुळास, कशासही करता येते. ७०० रुपयांची ती मुरविलेली व २५० रुपयांची न मुरविलेली अशा दोन काळ्या बिअर घेतल्या. पुतण्या व त्याचे चार स्नेही यांस मागल्या पडवीत बसविले व प्रत्येकापुढे न सांगता तीन पेले ठेविले; दोन एकीचे, एक दुसरीचा. वेगळा पेला कोणता ते ओळखावे व अधिक आवडलेला सांगावा. पाचांपैकी तिघांनी वेगळा पेला ओळखला. त्या तिघांपैकी दोघांस स्वस्त आवडली. मग बाटल्या दाखविल्या. लगेच सर्वांस महाग बाटलीत खोबऱ्याचा, गुळाचा व सागवानाचा वास येऊ लागला! पाच जणांवरून सिद्धान्त होत नाही हे आम्ही जाणतो. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात द्राक्षमद्याच्या सहा हजारांहून अधिक निनावी परीक्षा तपासल्या होत्या, व तेथेही भाव ठाऊक नसताना सामान्य माणसास महाग मद्य किंचित कमीच आवडल्याचे दिसले. शिकलेल्या जिभेस कांही फरक कळतो, हेही त्याच अभ्यासात आहे. तेव्हा ज्याची जीभ तशी असेल त्याने आधी तीन पेल्यांची परीक्षा द्यावी व मग सातशे रुपये काढावेत.

आता त्या चाळीस बाटल्यांच्या 'ठेवी'बद्दल. बहुतेक बिअर ठेवल्याने सुधारत नाही, बिघडते. सुवासिक जात थोड्या महिन्यांत फिकी पडते. फक्त कडक, काळ्या जाती कांही वर्षे टिकतात, त्याही थंड व अंधाऱ्या जागी. कौलारू घराच्या माळ्यावर वैशाखात त्यांचे काय होईल हे सांगण्यास तज्ज्ञ नको. याहून मोठी गोष्ट म्हणजे १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात आजही चालू आहे. परवान्याच्या मर्यादेबाहेर साठा करणे व परवान्यावाचून विकणे हे दोन्ही त्याखाली गुन्हे होत. जी वस्तू विकता येत नाही, ती चढत्या भावाची ठेव कशी? त्या तरुणास आम्ही हे समजावून सांगितले. त्याने एक बाटली उघडली. ती आंबट निघाली होती. बाकीच्यांचे काय केले ते आम्ही विचारले नाही. मोबदल्याच्या उरलेल्या रकमेतून विहिरीचे बांधकाम होणार आहे असे मागाहून ऐकले.

आता आपल्या घरची बाजू. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते. तानसाचे पाणी मुंबईस १८९२ सालापासून जात आहे. पुढे भातसाचेही जाऊ लागले. म्हणजे मुंबईच्या भट्ट्यांत जी नवलाची बिअर शिजते तिच्यात आपल्या डोंगरांचे पाणी आहे, आणि त्याच शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर फिरतात. योगायोग असा की त्याच १८९२ साली मुंबई सरकारने मोहफुलांचा कायदा केला व ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलांचा साठा व विक्री यांवर निर्बंध घातले. घरोघरी दारू निघाली तर अबकारीचे उत्पन्न बुडते, हे कारण. जी फुले टंचाईच्या दिवसांत माणसे व गुरे खात, तीच बाळगणे अपराध होऊन बसले. पुढे दीर्घकाळ या ना त्या रूपाने बंधने राहिली. २०२१ साली राज्य सरकारने फुले गोळा करणे, साठविणे व नेणे यांवरील निर्बंध सैल केले, व २०२२ साली मोह व काजू यांच्या मद्यास विदेशी मद्याचा दर्जा देण्याचे ठरविले.

आज मोहाच्या मद्याच्याही 'मोजक्या' बाटल्या शहरांत निघू लागल्या आहेत. उद्या कोणी व्यापारी मुरबाड-शहापुराकडे फुलांसाठी येईल व त्यांच्या नावावर हजारो रुपयांची बाटली विकील. तेथे सातूवाल्याप्रमाणे तीन रुपयांवर समाधान मानण्याचे कारण नाही. सातू कोठलाही चालतो. पण बाटलीवर 'ठाण्याच्या रानातील मोह' असे छापावयाचे असेल, तर तो मोजकेपणा आपल्या झाडांचा आहे व त्याचा भाव आपण मागू शकतो. गोव्याच्या काजू फेणीस २००९ साली व वाडा कोलम तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते अशाच नावाच्या रक्षणासाठी.

यासाठी आधी आपली झाडे कागदावर हवीत. महसुली दप्तरात आयुष्य काढल्यामुळे आम्हांस ठाऊक आहे की बांधावरचा मोह बहुतेक उताऱ्यांवर लागलेलाच नसतो; तलाठ्यास तो सांगावयाचा, हेच कोणास सुचत नाही. हल्ली ई-पीक पाहणीत बांधावरची झाडे नोंदविण्याची सोय आहे. फुलांचा हंगाम फाल्गुन-चैत्राचा. तत्पूर्वी सभासदांनी आपापल्या गट नंबरातील मोहाची झाडे मोजून त्यांची नोंद करून घ्यावी व ती संख्या संस्थेच्या चिटणिसांकडे कळवावी.