घरातलेच पैसे गेले तर

पोरींनो, पाकिटातले दोनशे रुपये गेले की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते भांडीवालीचं. ते तोंडातून काढायच्या आधी घरातल्या पोराकडे एकदा नीट बघा. दप्तरात आपण न घेतलेलं पेन, मित्रांना रोजचा वडापाव, या खुणा आईच्या नजरेतून सुटत नाहीत. पण नुसत्या संशयावर त्याला धरू नका. खोटा आळ आलेलं पोर पुढे खरंही सांगेनासं होतं.

खात्री असेल तर ‘तू घेतलेस का?’ असं विचारायचंच नाही. घाबरलेलं पोर ‘नाही’च म्हणणार, आणि चोरीवर खोट्याची भर पडणार. बाजूला घ्या, शांतपणे सांगा, ‘आजीच्या बटव्यातले पैसे तू घेतलेस, मला कळलंय. आता परत कसे करायचे ते ठरवू.’ पैसे त्याच्याच हाताने, ज्याचे त्याला जायला हवेत. खर्च झाले असतील तर खाऊच्या पैशांतून फेडू दे. इथे आम्ही आज्याच घोळ घालतो, ‘असू दे रे बाळा’ म्हणून. आज्यांनो, ते पैसे घ्या. आणि भांडीवालीला बोललात असाल, तर पोरासमोर तिची माफी मागा.

चोर कोण ते शोधायला भगताकडे तांदूळ बघायला जाऊ नका. देवाची शपथ नको, चटका तर नकोच. मारलेलं पोर चोरी सोडत नाही, लपवायला शिकतं. गांधीजींनी पंधराव्या वर्षी भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरला होता, भावाचंच कर्ज फेडायला. मग चिठ्ठी लिहून वडिलांना कबुली दिली. वडील रडले, चिठ्ठी फाडली, पण हात उचलला नाही. ‘सत्याचे प्रयोग’मध्ये त्यांनी स्वतः हे लिहून ठेवलंय. तुमच्या घरात अशी चिठ्ठी द्यायची पोराची हिंमत होईल का, याचा विचार बापांनी करावा.

चार-पाच वर्षांच्या लेकराला आपलं-दुसऱ्याचं अजून पुरतं कळत नाही. उचललेली वस्तू त्याच्या हातून परत करवा आणि विषय संपवा. दहा-बाराच्या पुढे मात्र पैसा कुठे गेला ते शोधायलाच हवं. मित्रांत मिरवायला गेला, गुटख्याला गेला, की मोठी पोरं दमदाटी करून मागतात? शेवटचं असेल तर ते पोर चोर नाही, अडकलेलं आहे. आणि हल्ली चोरी नुसती बटव्यातून होत नाही, आजीच्या मोबाइलमधूनही होते. आजीचा पिन नातवाला पाठ, गेममधली हत्यारं घ्यायला खात्यातून पैसे जातात आणि आजीला पासबुक भरल्यावर कळतं. पिन बदला, आणि नवा पिन त्याच्यासमोर दाबू नका.

आपल्या घरांत पैसा उघडा पडलेला असतो. हळदीला घर भरतं, पाहुण्यांच्या पर्सा खाटेवर, आहेराची पाकिटं उशाशी. बचत गटाची रक्कम तांदळाच्या डब्यात, ती तर दहा बायांची. कुलूप लावा, मोजून ठेवा. पोराची परीक्षा बघायला मुद्दाम नोटा टाकून ठेवू नका. त्यापेक्षा आठवड्याचे खाऊचे पैसे ठरवून द्या, थोडे का असेनात, पण ठरल्या दिवशी.

महिनोन्‌महिने चालूच राहिलं, रक्कम वाढली, पोर शाळा चुकवू लागलं, तर समुपदेशकाकडे न्या. मुलांसाठी 1098 आणि मनाच्या त्रासासाठी 14416 हे सरकारी नंबर फुकट आहेत. पोलिसांची भीती घालू नका. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य कायद्याने गुन्हा ठरतच नाही.

राई, मुर्धा, मोर्वा या आपल्या गावांत कोण कोणाचं नात्यातलं नाही? आज ओटीवर बोललेलं उद्या तिन्ही गावांत पोचतं, आणि ‘चोर’ हे नाव पोराच्या लग्नापर्यंत मागे लागतं. म्हणून काका, आत्या, मामी, सगळ्यांना हात जोडून सांगते: तुमचे पैसे गेले असतील तर आईबापाला येऊन सांगा, पण त्या पोराचं नाव घराबाहेर नेऊ नका.