वाळवंटातील पदभ्रमण : कुटुंबासाठी आरोग्यविषयक पूर्वतयारी

राजस्थानातील जैसलमेर व बाडमेर या जिल्ह्यांत पसरलेले मरु राष्ट्रीय उद्यान सुमारे 3,162 चौरस किलोमीटर क्षेत्राचे आहे. माळढोक पक्ष्याचे हे देशातील सर्वांत महत्त्वाचे आश्रयस्थान होय. हिवाळी सुट्टीत अनेक कुटुंबे मुलाबाळांसह व वडीलधाऱ्यांसह येथे जातात. सहल आनंदाची व्हावी, परंतु एक गोष्ट ध्यानात असावी. येथे गावे विरळ आहेत, अनेक ठिकाणी भ्रमणध्वनीचा संपर्क होत नाही आणि मोठे रुग्णालय जैसलमेर शहरात आहे. सम येथील वाळूच्या टेकड्यांपासून ते शहर सुमारे 40 किलोमीटर दूर आहे. शहरात जी चूक अर्ध्या तासात सावरता येते, ती येथे जिवावर बेतू शकते. म्हणून तयारी घरातूनच करावी.

कधी जावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा योग्य काळ आहे. मे-जूनमध्ये तापमान 45 अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या काळात लहान मुले, वृद्ध व गर्भवती यांना घेऊन पायी फिरणे टाळावे. हिवाळ्यातही दुपारचे ऊन कडक असते आणि रात्री कडाक्याची थंडी पडते, म्हणून सुती, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे व उबदार कपडे दोन्ही सोबत घ्यावेत. चालणे सकाळी दहापूर्वी किंवा दुपारी चारनंतर करावे. उद्यानात प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी लागते. हा भाग सीमेलगतचा असल्याने ओळखपत्र जवळ ठेवावे आणि ठरवून दिलेल्या वाटेवरूनच, स्थानिक वाटाड्यासह चालावे.

पाण्याचा हिशेब

कोरड्या हवेत घाम लगेच वाळतो, त्यामुळे शरीरातील पाणी किती कमी झाले हे लक्षात येत नाही. खेळात रमलेली मुले पाणी मागत नाहीत आणि वृद्धांना तहान कमी जाणवते. म्हणून तहानेची वाट न पाहता दर 15 ते 20 मिनिटांनी थोडे थोडे पाणी द्यावे.

पाच जणांच्या कुटुंबाचे उदाहरण घेऊ. चालण्याच्या दिवशी माणशी 4 लिटर धरल्यास पाच जणांना 20 लिटर पाणी लागते. वाहन बंद पडल्यास एक दिवस निभावावा म्हणून तेवढेच राखीव ठेवावे. म्हणजे वाहनात एकूण 40 लिटर पाणी असावे. चालताना सोबत घेतलेल्या पाण्याचे तीन भाग मानावेत : एक जाण्यासाठी, एक परतण्यासाठी, एक अडचणीसाठी. पहिला भाग संपला की ठरलेले ठिकाण समोर दिसत असले तरी मागे फिरावे.

एकाच वेळी भरमसाट पाणी पिणेही घातक ठरते, कारण त्यामुळे रक्तातील क्षाराचे प्रमाण घटते. जास्त घाम आल्यास पाण्यासोबत खारट खाणे किंवा जलसंजीवनी घ्यावी. जलसंजीवनीचे 1 लिटरसाठीचे पाकीट पूर्ण 1 लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवावे आणि 24 तासांत संपवावे. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर व अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालावे. सहा महिन्यांखालील बाळास वरचे पाणी देऊ नये, आईने अधिक वेळा स्तनपान करावे. लघवी गडद पिवळी किंवा फार कमी होत असेल तर शरीराला पाणी कमी पडत आहे, असे समजावे.

जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला

मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब, मूत्रपिंडाचे विकार किंवा दमा असणाऱ्यांनी, तसेच गर्भवतींनी आधी तपासणी करून घ्यावी. रक्तदाबावरील काही औषधांनी लघवीचे प्रमाण वाढते. अशी औषधे स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारावे. इन्शुलिन उन्हात किंवा तापलेल्या वाहनात ठेवू नये. नेहमीची औषधे दोन दिवस पुरतील इतकी जास्त घ्यावीत.

उष्माघात ओळखा

थकवा, डोकेदुखी, मळमळ, पायांत गोळे, भरपूर घाम ही पहिली सूचना आहे. चालणे थांबवून रुग्णास सावलीत बसवावे व जलसंजीवनी द्यावी. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजावा. अंग कोरडे असेलच असे नाही, घाम येत असतानाही उष्माघात होतो. अशा वेळी :

- रुग्णाचे जादा कपडे काढून अंगावर पाणी ओतावे व सतत वारा घालावा.
- रुग्ण पूर्ण शुद्धीवर नसल्यास तोंडाने काहीही देऊ नये.
- ताप उतरवण्याच्या गोळ्या देऊ नयेत. त्यांचा येथे उपयोग होत नाही.
- 108 किंवा 112 वर कळवावे. रुग्णालयात नेतानाही अंग थंड करणे थांबवू नये.

साप व विंचू

वाळवंटात फुरसे हा विषारी साप आढळतो. तो लहान व मातीच्या रंगाचा असल्याने सहज दिसत नाही. घोटा झाकणारे बूट घालावेत, रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नये, जमिनीवर न झोपता खाटेवर झोपावे आणि सकाळी बूट झटकूनच घालावेत.

दंश झाल्यास रुग्णास धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठी, कडे, पैंजण काढावेत आणि दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. दोरीने आवळून बांधणे, चीर देणे, विष चोखणे, मंत्रतंत्र यांत वेळ घालवू नये. साप मारण्याच्या किंवा पकडण्याच्या मागे लागू नये. प्रतिविष हाच उपचार आहे आणि ते रुग्णालयातच देता येते. विंचू चावल्यावर दरदरून घाम, वारंवार उलट्या, हातपाय गार पडणे किंवा धाप लागणे ही लक्षणे दिसली, विशेषतः मुलांत, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

निघण्यापूर्वी एक कागद लिहा

कोणत्या वाटेने जाणार, सोबत कोण, केव्हा परतणार, वाटाड्याचा व वाहनाचा क्रमांक, जवळचे रुग्णालय आणि तेथे पोहोचण्यास लागणारा वेळ, हे सर्व लिहून एक प्रत घरच्या माणसाकडे व एक मुक्कामाच्या ठिकाणी द्यावी. ठरलेल्या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर त्यांनी 112 वर कळवावे. वाहन बंद पडल्यास ते सोडून मदत शोधत पायी निघू नये. त्याच्या सावलीत थांबावे, कारण शोध घेणाऱ्यांना माणसापेक्षा वाहन लवकर दिसते. मुलांना बंद वाहनात एक क्षणही एकटे ठेवू नये.

कुटुंबातील सर्वांत अशक्त व्यक्तीस झेपेल तेवढेच अंतर सर्वांनी चालावे. वाट अर्धी सोडून परतणे यात कमीपणा नाही. सर्वजण सुखरूप घरी आले म्हणजेच सहल पूर्ण झाली.