परदेशप्रवासात पेढीचा नंबर जागा कसा ठेवावा?

आमच्या चोपडे गावाहून पलीकडे शिवोलीस जावयाचे, तर पूर्वी शापोरा नदीवरील फेरीबोटीची वाट पाहावी लागे. बोट धक्क्यास लागल्यावर घाई करून काही साधत नसे. जे सामान बांधावयाचे, ज्यांचा हिशेब मिटवावयाचा, ते सर्व अलीकडच्या तीरावरच उरकलेले असावे लागे. आता नदीवर पूल आहे. आमच्याच पेडणे तालुक्यात मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे विमानांची ये-जा सुरू झाली. व्यापाऱ्यास परदेश जवळ आला. परंतु तयारी अलीकडच्या तीरावर उरकण्याचा जुना नियम काही पालटलेला नाही. मोबाईल फोनच्या बाबतीत तो नियम कसा पाळावा, हे व्यापारी बंधुभगिनींपुढे मांडण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रथम आमची स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही मालाच्या खरेदीसाठी बँकॉकला गेलो होतो. तेथे उतरताच स्थानिक सिम-कार्ड घेतले, आपले कार्ड फोनमधून काढले आणि कागदाच्या घडीत गुंडाळून खिशात ठेवले. तिसऱ्या दिवशी घरच्या एका पुरवठादारास पैसे पाठविण्याची वेळ आली. बँकेने सांकेतिक आकडा, म्हणजे ओटीपी, पाठविला, तो आमच्या घरच्या नंबरावर; आणि ती कागदाची घडी कोठेच सापडेना. पैसे दोन दिवस अडले. पुरवठादार सज्जन होता, म्हणून शब्द राहिला. पैसे खात्यात होते, खाते आमचे होते, तरीही आम्ही आम्हीच आहोत हे पटविण्याचे साधन हातून गेले होते.

यावरून आम्ही एक धडा घेतला. आजच्या काळी व्यापाऱ्याचा फोन-नंबर हा केवळ बोलण्याचा मार्ग नव्हे. तो बिलावर छापलेला असतो, बँकेत नोंदलेला असतो, गिऱ्हाइकांच्या ध्यानात असतो. तो पेढीच्या शिक्क्यासारखा आहे. प्रवासात इंटरनेट स्वस्त मिळावे म्हणून शिक्का घरी टाकून जाणे शहाणपणाचे नव्हे. शिक्का जवळ राहावा आणि इंटरनेटही वेगळ्या मार्गाने मिळावे, अशी सोय इ-सिमने केली आहे.

इ-सिम म्हणजे काय?

सिम-कार्ड प्रथम १९९१ साली फिनलंडमध्ये वापरात आले. त्या वेळी ते बँकेच्या कार्डाएवढे होते. पुढे ते लहान लहान होत गेले आणि २०१२ च्या सुमारास आलेले नॅनो-सिम १२.३ मिलिमीटर लांब व ८.८ मिलिमीटर रुंद एवढेच उरले. इ-सिममध्ये तर वेगळे कार्डच नसते. फोन बनवितानाच आत एक चकती पक्की बसविलेली असते, आणि कंपनीने दिलेली ओळख इंटरनेटवरून तीवर उतरवून घ्यावयाची असते. सर्वसामान्य फोनांसाठी याचे नियम २०१६ साली ठरले. अमेरिकेत २०२२ साली विकावयास आलेल्या आयफोन १४ मध्ये तर कार्डाची खाचच ठेवलेली नव्हती.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे, तर ती चकती म्हणजे एक खातेवही होय. तीत अनेक कंपन्यांची खाती मांडता येतात. मात्र बहुतेक फोनांत एका वेळी दोनच लाईनी चालू राहतात. आपल्याला तेवढे पुरे आहे. एक लाईन पेढीची, दुसरी प्रवासाची.

निघण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट फोनची परीक्षा. आकड्यांच्या फलकावर *#०६# असे दाबावे. आयएमईआय या १५ आकडी क्रमांकासोबत ईआयडी नावाचा ३२ आकडी क्रमांक दिसला, तर फोनमध्ये इ-सिमची सोय आहे असे समजावे. खास चीनच्या बाजारासाठी बनविलेल्या पुष्कळशा फोनांत ती नसते. परदेशातील आप्ताने पाठविलेला फोन तेथील एखाद्या कंपनीशी बांधलेला, म्हणजे लॉक केलेला, असू शकतो. अशा फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे इ-सिम चालत नाही. आयफोनवर सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावर याची नोंद दिसते.

दुसरी गोष्ट योजनेची निवड. आपल्याच कंपनीचा रोमिंग पॅक घेतला, तर नवीन काही मांडावे लागत नाही; दोन-चार दिवसांच्या प्रवासास तो बरा. मुक्काम लांबचा असेल, तर प्रवासी इ-सिमचा भाव विचारावा. ते बहुधा फक्त डेटा देते, बोलण्याचा नंबर देत नाही. विकत घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: कोणकोणत्या देशांत चालते, मुदत कोणत्या क्षणापासून मोजतात, आणि डेटा संपल्यावर पुन्हा भरता येतो काय. वाटेत दुसऱ्या देशात थांबा असेल, तर तो देश यादीत आहे की नाही हेही पाहावे. अमिरातीत जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की तेथे व्हॉट्सअ‍ॅपवरून बोलण्यावर निर्बंध आहेत. लेखी संदेश मात्र जातात.

भारतात परदेशी सिम विकण्यास दूरसंचार विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते नसल्याच्या कारणावरून जानेवारी २०२४ मध्ये दोन परदेशी कंपन्यांची अ‍ॅप्स भारतातील अ‍ॅप-दुकानांतून काढविण्यात आली. म्हणून विक्रेता कोण, हे पाहूनच सौदा करावा.

तिसरी गोष्ट घरच्या नंबराची. फोनमध्ये कार्डाची खाच असेल, तर घरचा नंबर कार्डावरच राहू द्यावा आणि इ-सिम प्रवासासाठी वापरावे, असे आमचे मत आहे. कारण फोन फुटला, तर कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येते. इ-सिम तसे हाताने काढता येत नाही. घरचाच नंबर इ-सिमवर न्यावयाचा असेल, तर निघण्याच्या निदान आठवडाभर आधी न्यावा. सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आपल्या देशात आहे. विमानतळावर हा खटाटोप करणाऱ्याचा ओटीपी त्या अवधीत येणार नाही.

मांडणीची रीत

घरच्या वायफायवर, फोन पुरेसा चार्ज करून, हे काम करावे. विक्रेता एक क्यूआर कोड पाठवितो. तो ज्या फोनवर आला, त्याच फोनच्या कॅमेऱ्याने टिपता येत नाही. म्हणून कागदावर छापून घ्यावा किंवा दुसऱ्या पडद्यावर उघडावा. आयफोनवर सेटिंग्जमधील मोबाईलच्या विभागात ‘अ‍ॅड ई-सिम’ निवडावे. सॅमसंगवर ‘कनेक्शन्स’मध्ये ‘सिम मॅनेजर’ असतो. इतर अँड्रॉइड फोनांत नेटवर्कच्या विभागात सिमची नोंद सापडते. कोड टिपल्यावर काही मिनिटांत नवी लाईन उतरते. तिला ‘प्रवास’ आणि जुनीला ‘पेढी’ असे नाव द्यावे, म्हणजे पुढे घोटाळा होत नाही.

यानंतरच्या चार कळा नीट लावणे हे खरे मर्माचे काम. एक, ‘पेढी’ची लाईन चालू ठेवावी, पण तिचे डेटा-रोमिंग बंद करावे. दोन, मोबाईल डेटासाठी ‘प्रवास’ ही लाईन निवडावी. तीन, परदेशी पोहोचताच ‘प्रवास’चे डेटा-रोमिंग चालू करावे, कारण पुष्कळशी प्रवासी इ-सिम स्वतःच रोमिंगवर चालतात. चार, डेटा आपोआप दुसऱ्या लाईनीवर जाऊ देणारी सोय बंद करावी. नाहीतर ‘पेढी’च्या लाईनीवर नकळत बिल चढते. व्हॉट्सअ‍ॅपने नंबर बदलावयाचा काय असे विचारल्यास जुनाच ठेवावा.

‘पेढी’च्या लाईनीवर आंतरराष्ट्रीय रोमिंगची परवानगी निघण्यापूर्वी कंपनीकडून घ्यावी, आणि रिचार्जची मुदत परतण्याच्या तारखेपुढे जाईल असे पाहावे. ही परवानगी नसेल, तर परदेशात लाईन मुकी राहते आणि ओटीपी येत नाही. त्या लाईनीवर आलेला फोन उचलल्यास मात्र आकार पडतो, हेही विसरू नये.

सावधगिरी

क्यूआर कोड हा सही केलेल्या कोऱ्या चेकसारखा मानावा. तो बहुधा एकदाच वापरता येतो. म्हणून ‘प्रवास’ची लाईन मुदत संपेपर्यंत पुसून टाकू नये, केवळ बंद करावी. ‘पेढी’ची लाईन इ-सिमवर असेल, तर ती कधीही पुसू नये.

आणखी एक फसवणूक प्रचलित आहे. ‘तुमचे सिम इ-सिममध्ये बदलून देतो’ असे सांगून ठग फोन करतो आणि एखादा संदेश पुढे पाठवावयास किंवा आकडा सांगावयास लावतो. आपण ते केले, की आपली लाईन मरते, नंबर त्याच्या फोनवर उठतो आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातात. आपल्या लाईनीवरील खुणेच्या रेघा अकस्मात नाहीशा झाल्या, तर प्रथम बँकेस कळवावे, मग फोन-कंपनीस, आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. परदेशात असताना उपयोगी पडावा म्हणून बँकेचा ‘अधिक ९१’ ने सुरू होणारा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवावा. फोन बंद पडला, तरी कागद वाचता येतो.

असो. या सर्व कामास घरी बसून अर्धा तास लागतो. आम्ही तो अर्धा तास वाचविला आणि बँकॉकमध्ये दोन दिवस गमावले. आता आमच्या पेढीतून कोणी परदेशी निघाला, की बॅग भरण्याच्या आदल्या दिवशी दोघे मिळून वरील चार कळा तपासून पाहतो आणि ‘पेढी’च्या लाईनीवर एक संदेश पाठवून तो येतो याची खात्री करतो. आमच्या बंधुभगिनींनीही तसेच करावे, एवढीच विनंती.