जुन्या अंकांचे कुलूप



संगणकाच्या बाजारातली भांडणे म्हणजे अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांची कोर्टकचेरी, त्यात आपल्या लश्करच्या शाळेचे काय जाते, असे आम्हांलाही वाटत असे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत ते भांडण आमच्याच कार्यालयातील कपाटातून निघाले. म्हणून या खेपेचा अभ्यासलेख त्यावर.

झाले असे. कपाट आवरताना एक सीडी सापडली. तीवर आपल्या या पत्रिकेच्या २००४ ते २००९ या वर्षांतील फायली होत्या. पुढे २०१३ च्या पावसाळ्यात भांडारघराला ओल आली, तेव्हा बरेच जुने अंक लगदा होऊन गेले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. २००५ सालच्या दोन अंकांची तर एकही छापील प्रत शाळेत उरलेली नाही. आणि नेमक्या त्याच दोन अंकांत आमच्या एका दिवंगत गुरुजींनी जुन्या मराठी वाड्यांविषयी लिहिलेले लेख आहेत, तसेच शाळेच्या इमारतीसाठी ज्यांनी पाच-पाच, दहा-दहा रुपये दिले त्या कुटुंबांची यादी आहे. सीडी पाहून आनंद झाला. फाईल उघडली आणि आनंद मावळला. पडद्यावर मराठीचे एक अक्षर नाही, नुसती इंग्रजी अक्षरांची, स्वल्पविरामांची आणि कंसांची खिचडी!

ज्या सॉफ्टवेअरवर ते अंक जुळवले होते त्याला एक छोटी किल्ली असे. त्या काळी तिला डाँगल म्हणत. संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरची तार लावतात तेथे ती खोचली तरच अक्षरे उमटत. तो संगणक भंगारात गेला, किल्लीही त्याच्याबरोबर गेली असावी. विक्रेत्याकडे विचारणा केली. उत्तर आले की नवी आवृत्ती विकत घ्या, जुन्या फायली तीत उघडतीलच याची हमी मात्र नाही. म्हणजे मजकूर आमचा, लेखक आमचे, कागद-शाईचे पैसे आमचे, आणि वाचण्याची परवानगी दुसऱ्याच्या हाती.

हे कसे होते ते विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखे आहे. संगणक अक्षर ओळखत नाही, त्याला फक्त आकडा कळतो. अमुक आकडा म्हणजे अमुक अक्षर, असा करार आधी व्हावा लागतो. इंग्रजीचा करार फार पूर्वी झाला. देवनागरीसाठी आपल्या देशात काम झाले नाही असे मुळीच नाही. आयआयटी कानपूर येथे प्रा. आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आदींनी या प्रश्नावर काम केले, त्यातून 'जिस्ट' हे तंत्र उभे राहिले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये ते पुढे वाढले. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' नावाचा करार मानक म्हणून जाहीर केला. पण हा करार अक्षर साठवण्याचा होता. फॉन्टमध्ये अक्षरांचे तुकडे कुठल्या घरात ठेवायचे, यावर सर्वांनी पाळावा असा नियम झाला नाही. शिवाय त्या वेळच्या विंडोजला देवनागरी येत नव्हती. मग प्रत्येक कंपनीने एक युक्ती केली. इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठीचे आकार बसवले, आणि तेही प्रत्येकाने आपापल्या क्रमाने.

आपल्या हिंदी मुलखात कृतिदेव चालला. त्यात 'कमल' लिहायचे तर संगणकाच्या पोटात इंग्रजीचे डी, ई आणि वाय हे तीन अक्षर जातात. फॉन्ट असेल तोवर 'कमल' दिसते, फॉन्ट काढला की डी-ई-वाय. महाराष्ट्रात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगलोरची आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशी नावे घरोघरी झाली. प्रत्येकाचा क्रम निराळा. एका दुकानात जुळवलेला मजकूर दुसऱ्या दुकानात वाचता येईना. दोन हजारच्या आगेमागे मराठी वृत्तपत्रे इंटरनेटवर वाचायची तर प्रत्येकाचा फॉन्ट निराळा उतरवून घ्यावा लागे, हे आज मुलांना सांगितले तर हसतात.

येथे कंपन्यांना शिव्या देणे सोपे आहे, पण ते पुरते न्यायाचे नाही. त्यांनी खपून अक्षरे केली म्हणून त्या वीस वर्षांत मराठी पुस्तके, लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका निघाल्या. आणि किल्ली का आली? एक सीडी घेऊन दहा दुकानांत वाटण्याची सवय आपलीच. मेहनतीचे मोल त्यांनी मागावे, यात गैर काही नाही. आमचा आक्षेप एवढाच आहे की अक्षराचे वळण विकत घेतले म्हणजे लिहिलेला मजकूरही त्याच पेटीत अडकतो, हे विकताना कोणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. किंमत मात्र तीनदा घासून घेतली होती!

युनिकोडने हा गोंधळ संपवला. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती आली. तीत देवनागरीचा क्रम आपल्या इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावर बेतलेला होता, आणि देवनागरीला १२८ घरे दिली गेली, २३०४ पासून २४३१ पर्यंत. 'क' म्हणजे २३२५, मग तो दिल्लीत लिहा की डेट्रॉइटमध्ये. विंडोज २००० पासून देवनागरी आली, तिच्यासाठी 'मंगल' हा फॉन्ट प्रसिद्ध अक्षरकार प्रा. र. कृ. जोशी यांनी केला. तरी बरीच वर्षे एक्सपीवर देवनागरी चालू करायला मूळ सीडी घालून एका चौकटीत खूण करावी लागे आणि ती सीडी कोणाकडेच नसे. २००५ साली केंद्र सरकारने हिंदीची साधने फुकट सीडीवर वाटली. नोव्हेंबर २००९ मध्ये सरकारी कामासाठी युनिकोड हेच मानक ठरले. छापखाने मात्र लवकर हलले नाहीत, कारण ज्या पेजमेकरवर सारे काम चाले त्याची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, आणि तिला युनिकोडची देवनागरी कधी जमलीच नाही.

आता एक गोष्ट आपल्या घरची. आमचे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातले, टंकन शिकलो तेही हिंदी रेमिंग्टनवर. त्यामुळे अनेक वर्षे शाळेच्या मराठी सूचनांत 'येणाऱ्या पालकांनी' ऐवजी 'येणार्या पालकांनी' छापले गेले. पुण्याहून बदलून आलेल्या एका पालकांनी ते लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवले, तेव्हा राग आला होता, आज आभार मानतो. हिंदीला या अर्ध्या 'र'ची गरज नाही. मराठीत दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरात असतात. युनिकोडात ऱ ला स्वतःचे घर आहे, २३५३, आणि ळ ला २३५५. 'ॲ' हे अक्षर मात्र २००८ सालच्या ५.१ या आवृत्तीत आले, तोपर्यंत मराठीला हिंदीच्या 'ऍ'वर भागवावे लागले. करार कोण लिहितो यावर भाषेचे किती अवलंबून असते, हे यावरून पाहावे.

मोठ्या जगातली भांडणे याच जातीची आहेत. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला सुमारे ४९ कोटी ७० लाख युरो दंड केला. एक कारण असे की इतरांच्या संगणकांना विंडोजशी नीट बोलता यावे यासाठी लागणारी माहिती ती कंपनी देत नव्हती. २००७ साली न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्याच सुमारास दस्तऐवज कोणत्या पद्धतीने साठवावेत यावर जगभर मतदान झाले. ओडीएफ ही खुली पद्धत २००६ मध्येच आंतरराष्ट्रीय मानक झाली होती, मायक्रोसॉफ्टची पद्धत २००८ मध्ये झाली. त्या दुसऱ्या मतदानात भारतीय मानक ब्यूरोने 'नाही' असे मत दिले होते. ती बातमी तेव्हा आम्ही वर्तमानपत्रात वाचली आणि पान उलटले होते.

ग्वाल्हेरकरांना तर हे नवीन वाटू नये. शिंदेशाहीतले कागद मोडीत आहेत. किती घरांत माळ्यावर पणजोबांचे दप्तर आहे आणि ते वाचणारा घरात कोणी नाही? तिथे कोणत्याही कंपनीने कुलूप लावलेले नाही, शिकवणारे संपले एवढेच. मोडीला युनिकोडात जागा मिळाली ती २०१४ साली. त्या दप्तरांना शंभर वर्षे लागली, आमच्या सीडीला पंधरा-वीस पुरली.

असो. सीडीचे काय झाले ते सांगतो. नववी-दहावीच्या पाच विद्यार्थ्यांनी ते काम अंगावर घेतले. सुदैवाने २००७ च्या एका अंकाची फाईलही होती आणि छापील प्रतही. दोन्ही शेजारी ठेवून मुलांनी तक्ता केला, या चिन्हाचे हे अक्षर. तीन दिवसांत बराचसा तक्ता झाला आणि मग अडले. ह्रस्व वेलांटी! जुन्या फॉन्टात ती टंकलेखनयंत्रासारखी अक्षराच्या आधी टंकतात, युनिकोडात ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर साठवतात. रफाराचे उलटे. 'सूर्य' लिहिताना जुन्या फॉन्टात य नंतर रफार येतो, युनिकोडात र् आधी आणि य नंतर. जोडाक्षर आले की रफार एक अक्षर नव्हे, दोन-तीन अक्षरे मागे न्यावा लागतो. मुलांनी त्यासाठी छोटा प्रोग्राम लिहिला, तो तीनदा चुकला, चौथ्यांदा 'कार्तिक' नीट उमटले. त्या दिवशी आम्ही सर्वांना नया बाजारातून कचोरी आणवली.

गुरुजींचे लेख आता जवळजवळ पूर्ण वाचता येतात आणि या अंकापासून क्रमशः पुन्हा छापत आहोत. येथून पुढे पत्रिकेचा मजकूर युनिकोडमध्येच ठेवला जाईल, साध्या मजकुराची एक प्रत निराळी, आणि छापील दोन प्रती पहिल्या मजल्यावर, भांडारघरात नव्हे.

विश्वस्त मंडळींसमोर सध्या एक प्रस्ताव आहे. हजेरी, फी आणि गुणपत्रके एका मोबाईल ॲपवर नेण्याचा. पहिले वर्ष फुकट आहे. आम्ही त्याच्या विरोधात नाही, कार्यालयाचे श्रम वाचतील. पण कंपनीच्या प्रतिनिधीस आम्ही विचारले की करार मोडला तर मुलांची दहा वर्षांची नोंद आम्हांला कोणत्या रूपात परत मिळेल, दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रामात उघडेल अशा तक्त्यात की नुसत्या चित्रांत? ते म्हणाले, असे अजून कोणी विचारले नाही, वर विचारून सांगतो. लेखी उत्तर येईपर्यंत सही करू नये, असे आमचे मत आहे आणि पुढच्या सभेत ते मांडू. पालकांनीही सभेस यावे, कारण नोंदी त्यांच्या मुलांच्या आहेत.

राहिली देणगीदारांची यादी. तिच्यात १४२ नावे आहेत. सीडीचा तो भाग खरचटलेला असल्याने त्यांतील ११ नावे अर्धवट निघाली. एका ठिकाणी नुसते '...कर, जनकगंज, रु. १०' एवढेच आहे, दुसऱ्या ठिकाणी 'कै. सौ.' आणि पुढे काहीच नाही. ही अकरा नावे जशी निघाली तशी कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावली आहेत. आपल्या घरी २००५ चा एखादा अंक जुन्या वह्यांत, देवघराच्या फळीवर, ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला जरी सापडला तरी तो दिवाळीच्या सुटीपूर्वी शाळेत दाखवावा. प्रत आम्ही ठेवून घेणार नाही, तेवढे पान उतरवून लगेच परत करू.