जुन्या संगणक-प्रणाली व त्यांचें मोल

कोणतेंही यंत्र जुनें झालें म्हणजे त्याच्या दोन किंमती होतात. एक बाजारांतली व दुसरी मनांतली. सातारारोडच्या कूपर कारखान्याचें एखादें तेलावरचें एंजिन विहिरीवरून निघालें, तर त्याला गिऱ्हाईक मिळे. कारण त्याचा दट्ट्या झिजला तर नवा बसवितां येई, आणि अगदींच निकामी झालें तरी बिडाचें वजन कोठें जात नव्हतें. संगणकाची जी कार्यप्रणाली, तिला मात्र ना वजन, ना आकार. तिची झीजही होत नाहीं. तरी ती जुनी होते, लोक तिच्यासाठीं हळहळतात, आणि तिची किंमत कोणी विचारली तर चटकन् उत्तर देतां येत नाहीं. हें असें कां, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ. जिला आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतों, ती म्हणजे संगणकाच्या घरांतला कारभारी होय. कळफलकावर बोट पडलें कीं कोणतें अक्षर उमटवावयाचें, लिहिलेला मजकूर कोठें ठेवावयाचा, छापण्याच्या यंत्रास केव्हां जागें करावयाचें, हीं सर्व कामें तोच पाहतो. घरधन्यास कोठीची किल्ली कोठें आहे हें ठाऊक नसलें तरी चालतें. कारभाऱ्यास ठाऊक असावेंच लागतें. मौजेची गोष्ट अशी कीं, ज्या डॉस नांवाच्या प्रणालीवर मायक्रोसॉफ्ट कंपनीचें वैभव उभें राहिलें, ती त्या कंपनीनें मुळांत लिहिलेलीच नव्हती. सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या लहानशा कंपनींत टिम पॅटरसन या गृहस्थानें ती रचिली. 1981 सालीं मायक्रोसॉफ्टनें तिचे हक्क 50,000 डॉलरांस विकत घेतले, आणि त्याच वर्षीं ती आयबीएमच्या संगणकाबरोबर जगभर गेली. म्हणजे या सर्व व्यापाराचा आरंभच मुळीं दुसऱ्याच्या हातच्या मालापासून झाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आमच्या तालुक्यांतील पुष्कळ पालकांची संगणकाशीं पहिली ओळख विंडोज 98 किंवा विंडोज एक्सपी यांच्या दारांतून झाली असेल. पहिली 1998 च्या जूनमध्यें आली व दुसरी 2001 च्या ऑक्टोबरमध्यें. त्याच 2001 सालीं महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि सरकारी नोकरीस त्याचें प्रमाणपत्र लागूं लागल्यावर तालुक्याच्या गांवोगांवीं संगणकाच्या शिकवण्या निघाल्या. चपला बाहेर काढून आंत जावयाचें, एका यंत्रापुढें दोघांनीं बसावयाचें, आणि भारनियमनाची वेळ गांठून येण्यापूर्वीं धडा संपवावयाचा, असा तो काळ. वीज मध्येंच गेली, तर ती परत आल्यावर विंडोज 98 सरळ उघडत नसे. स्कॅनडिस्क नांवाचा तपासनीस निळ्या पडद्यावर सगळी तबकडी तपासून पाही, व ‘संगणक नीट बंद केला नाहीं’ म्हणून आपणांसच बोल लावी. वीजपुरवठ्याचा अपराध विद्यार्थ्याच्या माथीं! नीट बंद केला म्हणजे काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरें येत, कीं आतां बटण दाबण्यास हरकत नाहीं.

अशा आठवणी केवळ आपल्याकडेच आहेत असें नाहीं. विंडोज 95 सुरू होतांना जे स्वर वाजत, ते ब्रायन ईनो या नामांकित संगीतकारानें बांधलेले. ते 2025 सालीं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें जतन करावयाच्या ध्वनींच्या यादींत घातले. एक्सपीच्या पडद्यावरील हिरवी टेकडी व निळें आकाश हें चित्र नसून खरें छायाचित्र आहे. चार्ल्स ओ'रिअर यांनीं तें 1996 सालीं कॅलिफोर्नियांतील सोनोमा परगण्यांत घेतलें. ज्यांनीं श्रावणांत साताऱ्याच्या रस्त्यानें जरंडेश्वराकडे पाहिलें आहे, त्यांस तें परकें वाटण्याचें कारण नाहीं.

ही ओढ प्रणालीची नसून गेलेल्या वयाची आहे, असें कोणी म्हणेल. आम्हांस तें अर्धेंच खरें वाटतें. जुनी प्रणाली लहान होती, म्हणून ती समजून घेतां येत असे. कोणती फाइल कोठें आहे, काय पुसलें असतां काय बिघडेल, हें चौदा वर्षांचा मुलगाही सांगूं शके. आजच्या यंत्राचा कारभारी फार हुशार आहे, पण तो धन्यास कोठींत फिरकूं देत नाहीं.

आतां बाजारांतल्या किंमतीकडे वळूं. जुना संगणक लाखोंना विकला गेल्याच्या बातम्या वाचून कांहीं घरांत माळ्यावरचीं यंत्रें खालीं उतरलीं असतील. 1976 सालीं 666 डॉलर 66 सेंटांस विकला जाणारा ॲपल-1 हा संगणक 2014 सालीं बॉनहॅम्स यांच्या लिलावांत 9,05,000 डॉलरांस गेला, व तो हेन्री फोर्ड संग्रहालयानें घेतला, हें खरें. परंतु ॲपल-1 सुमारें दोनशेंच झाले होते. विंडोज 98 च्या प्रती कोट्यवधि निघाल्या. जी वस्तु घरोघरीं होती, तिला संग्राहक काय म्हणून मोल देईल? शिवाय, यंत्राबरोबर आलेल्या प्रणालीचा परवाना बहुधा त्या यंत्रापुरताच असे. पेटीवर चिकटविलेला तो रंगीत कागद सोलून दुसऱ्या पेटीवर लावतां येत नसे. युरोपांत न्यायालयानें 2012 सालीं यूज्डसॉफ्टच्या प्रकरणांत, कायमचा परवाना विकत घेणारास तो पुढें विकतां येतो असा निर्णय दिला. परंतु सगळीकडे तसें मानलें जात नाहीं. आणि स्पष्टच बोलावयाचें तर, त्या काळीं गांवोगांवीं चाललेल्या प्रतींपैकीं पुष्कळशा मित्राच्या सीडीवरून उतरलेल्या होत्या. जिला आपण दाम मोजला नाहीं, तिची विक्री करण्याचा प्रश्न उद्भवत नाहीं.

तेव्हां विंडोज 98 ची किंमत शून्य, असें म्हणून लेख संपवावा काय? नाहीं. कारण तालुक्याच्या ठिकाणच्या डीटीपीच्या दुकानांत, लग्नपत्रिका व पतसंस्थांचे अहवाल जेथें जुळविले जातात तेथें, कोपऱ्यांत एखादा पिवळट पडलेला संगणक अजून जपून ठेवलेला आढळतो. त्यावर विंडोज 98 किंवा एक्सपी असते, पेजमेकर असतो, आणि पाठीमागें छपाईयंत्राच्या खांचेंत डोंगल नांवाची एक डबी बसविलेली असते. ती डबी म्हणजे मराठी फॉन्टाचें कुलूप. ती असल्याशिवाय अक्षरें लिहितां येत नाहींत, आणि नव्या संगणकास तशी खांचच नसते. मालकानें हें यंत्र प्रेमापोटीं ठेवलेलें नाहीं. त्यांत त्याचीं वीस वर्षांचीं कामें आहेत, व तीं दुसरीकडे उघडत नाहींत.

कां उघडत नाहींत, हें विद्यार्थ्यांनीं नीट समजून घेण्याजोगें आहे. संगणक अक्षर ओळखीत नाहीं. तो आंकडा ओळखतो. इंग्रजी अक्षरांचे आंकडे फार पूर्वीं ठरून गेले. देवनागरीसाठीं 1991 सालीं भारतीय मानक झालें, पुण्याच्या सी-डॅकनें त्या धर्तीवर कामही केलें; पण छपाईच्या धंद्यांत मात्र निराळीच युक्ति रुळली. प्रत्येक फॉन्ट करणारानें इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी आकार बसविले, आणि कोणत्या जागीं कोणता आकार हें ज्यानें त्यानें आपल्या सोयीप्रमाणें ठरविलें. कृतिदेव या फॉन्टाचें उदाहरण घ्या. त्यांत ‘कोरेगांव’ हा शब्द लिहिला, तर संगणकाच्या पोटांत डी, के, एस, जे, एस, एक्स, के, ए, ओ हीं नऊ इंग्रजी अक्षरें जातात. कृतिदेव फॉन्ट हजर असेल तोंवर पडद्यावर कोरेगांव दिसेल. तो नसेल तर हीं नऊ निरर्थक अक्षरें दिसतील. श्रीलिपीचा हिशेब निराळा, सी-डॅकच्या सुरेख व योगेश या फॉन्टांचा आणखी निराळा. एकाच भाषेचीं अशीं कित्येक घरें झालीं, व एका घराची किल्ली दुसऱ्यास लागेना.

युनिकोडनें हा गोंधळ मिटविला. तेथें देवनागरीस 2304 पासून 2431 पर्यंत असे 128 क्रमांक दिलेले आहेत. ‘क’ म्हणजे 2325, ‘र’ म्हणजे 2352, आणि ‘कोरेगांव’ म्हणजे ठरलेले आठ आंकडे. मग फॉन्ट कोणताही असो, संगणक पुण्याचा असो कीं टोकियोचा. विंडोजमध्यें मराठीची ही सोय प्रथम विंडोज 2000 मध्यें आली. एक्सपींतही ती होती, पण ती मुद्दाम चालू करावी लागे, व त्यासाठीं यंत्र मूळ सीडी मागत असे. ती सीडी क्वचितच कोणापाशीं असे! यामुळें साधारण 1990 पासून पुढचीं वीस वर्षें आपल्याकडे जें मराठी संगणकावर लिहिलें गेलें, त्यांतील फार मोठा भाग त्या जुन्या फॉन्टांच्या कुलपांत अडकून राहिला. शाळांचीं वार्षिकें, ग्रंथालयांच्या स्मरणिका, सहकारी संस्थांचे अहवाल, एखाद्या आजोबांनीं टंकून घेतलेलें आत्मचरित्र, हें सारें त्यांत आलें.

आमच्या वाचकांपैकीं कांहींच्या घरीं मोडी कागदांचें बोचकें असेल. कागद कुजला नाहीं, शाई उडाली नाहीं, वाचणारा तेवढा गेला. पणजोबांनीं जमिनीची वांटणी कशी केली हें त्या कागदांत स्पष्ट लिहिलेलें असून घरांत कोणास कळत नाहीं. 1998 सालीं जुळविलेल्या मराठी फाइलीची स्थिति हीच होऊं लागली आहे, आणि ती तीन पिढ्यांत नव्हे, एकाच पिढींत. यांत एक विलक्षण गोष्ट घडली आहे. मोडी लिपीस 2014 सालीं युनिकोडमध्यें स्वतःचे क्रमांक मिळाले. म्हणजे हेमाडपंताच्या नांवाशीं जोडलेली लिपि नव्या संगणकांत मानानें येऊन बसली, आणि पंचवीस वर्षांपूर्वींची बाळबोध बाहेर उभी आहे! मोडीपेक्षां हिचें दैव आणखी एका अर्थानें वाईट आहे. मोडी मनुष्यास शिकतां येते. फ्लॉपीवरील चुंबकीय खुणा मात्र कालांतरानें पुसट होतात, आणि मग शिकून उपयोग नाहीं.

यावरून जुन्या प्रणालीची किंमत कशी करावी हें आम्हांस असें दिसतें: ती जितक्या कुलपांची किल्ली आहे, तितकें तिचें मोल. कारखान्यांतही हाच न्याय. लक्षावधि रुपयांचें यंत्र डॉसवर चालणाऱ्या संगणकाच्या हुकुमांत असेल, तर तो संगणक बदलणें म्हणजे यंत्र बदलणें, म्हणून तो सांभाळला जातो. बँकांचीं पैसे देणारीं यंत्रेंही एक्सपीवर रेंगाळलीं होतीं. मायक्रोसॉफ्टनें त्या प्रणालीची देखभाल 8 एप्रिल 2014 रोजीं थांबविली, तरी तीं तशींच चाललीं; शेवटीं 2018 सालीं रिझर्व्ह बँकेस मुदत घालून द्यावी लागली. देखभाल थांबलेली प्रणाली इंटरनेटास जोडणें धोक्याचें आहे. 2017 च्या मे महिन्यांत वॉनाक्राय या रोगानें तें जगास दाखविलें. जुना संगणक ठेवावयाचा तर तो एकटाच ठेवावा.

विंडोज 10 ची सर्वसाधारण देखभाल 14 ऑक्टोबर 2025 रोजीं संपली. म्हणून जुनीं यंत्रें मोडींत काढण्याचा विचार सध्यां पुष्कळ घरीं चालू असेल. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, भंगारवाल्यास हांक मारण्यापूर्वीं आंत काय आहे तें एकदां पाहावें. मराठी फाइल सांपडली तर तिची प्रत काढून घ्यावी, व तींत कोणता फॉन्ट वापरला आहे त्याचें नांव लिहून ठेवावें. श्री-देव 0708 असें कांहीं तरी असेल. त्या फॉन्टाचें नांव कळलें कीं अर्धें काम झालें. जुन्या फॉन्टांतील मजकूर युनिकोडमध्यें उतरविणारीं साधनें आतां फुकट मिळतात, आणि तीं वापरणें नववींतील विद्यार्थ्यास मुळींच अवघड नाहीं.

मात्र तीं साधनें चुकतात, आणि चुकतात कोठें हेंही ठरलेलें आहे. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधीं टंकीत, कारण ती डोळ्यांस आधीं दिसते. युनिकोडमध्यें ती अक्षराच्या नंतर येते, कारण उच्चार तसा होतो. ‘किरण’ लिहितांना पूर्वीं वेलांटी, मग क. आतां क, मग वेलांटी. रफाराची गत याच्या उलट. साधनानें ही अदलाबदल केली नाहीं कीं वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला मराठी र तर हमखास घोटाळा करितो. म्हणून उतरविलेला मजकूर एकट्यानें तपासूं नये. छापील अंक हातीं असेल तर एकानें तो मोठ्यानें वाचावा व दुसऱ्यानें पडद्यावर बोट ठेवून जावें. वाचणारे आजोबा किंवा आजी असल्यास फारच उत्तम. नांवांच्या चुका त्यांच्याच लक्षांत येतात.