नवशिक्यांसाठी क्रोशाचा स्वेटर



ठाणे जिल्ह्यात, साष्टी बेटाच्या वायव्येस, समुद्राला लागून उत्तन हे गाव आहे. तेथील ख्रिस्ती कोळी बांधव बहुतांशी रोमन कॅथलिक मंडळीचे असून पोर्तुगीज अमलापासून ते ख्रिस्ती म्हणवितात. आजच्या पाठाला त्यांच्या धंद्याइतके सोयीचे उदाहरण दुसरे मिळावयाचे नाही, म्हणून तेथूनच आरंभ करू.

त्या किनाऱ्यावर बोंबील धरण्यासाठी डोल नावाचे जाळे वापरतात. ते एखाद्या मोठ्या पिशवीसारखे असते. तोंडाशी ते रुंद असून त्याचे आस मोठे असतात. पुढे पुढे ते निमुळते होत जाते, आस लहान होतात, व शेवटी खोला येतो, त्यात मासळी अडकते. हल्ली नायलॉनची जाळी यंत्रावर विणलेली मिळतात. परंतु ती फाटली म्हणजे हातानेच सांधावी लागतात, व सांधणारा माणूस आस लहानमोठा होऊ देत नाही. जाळे कोठे अरुंद व्हावयाचे हे त्याने आधी ठरविलेले असते. क्रोशाच्या स्वेटरचे सारे मर्म एवढ्यातच आहे. नवशिक्याचा स्वेटरही निमुळता होतो, परंतु तो न ठरविता होतो, हाच काय तो भेद!

कोणी म्हणेल, समुद्रकाठी स्वेटर कशाला? ज्याने पौष महिन्यात पहाटे, मतलई वारा सुटला असता, होडीत बसून पाहिले असेल तो असे विचारणार नाही. इंग्लंड व फ्रान्स यांमधील समुद्रात गर्न्सी व जर्सी अशी दोन बेटे आहेत. तेथील कोळ्यांच्या लोकरी अंगरख्यांवरून इंग्रजांनी वस्त्रांना तीच नावे दिली, व आपला गंजीफ्रॉक हा शब्दही त्याच गर्न्सीचा अपभ्रंश होय. ते अंगरखे मात्र लांब सुयांवर घट्ट विणलेले असत. क्रोशाचे काम एकाच आकड्याच्या सुईने होते. त्यास लोकर अधिक लागते, पण ते शिकण्यास सोपे आहे, व चुकले तर त्या टाक्यापर्यंत उसवून पुन्हा धरता येते.

हे काम बायकांचेच, अशी पुष्कळांची समजूत आहे. ज्या गावी पुरुष जाळी सांधतात तेथे तरी ती टिकू नये. याकोब व योहान यांस प्रभूने बोलाविले तेव्हा ते तारवात बसून हेच करीत होते.

आता कृती. पहिला स्वेटर बिनबाह्यांचा करावा. मध्यम जाडीची लोकर व चार मिलिमीटरची सुई घ्यावी. दोनच टाके शिकावयाचे. सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन ती टाक्यात घालावी व दोरा ओढून काढावा, म्हणजे सुईवर तीन फास होतात. मग दोरा घेऊन दोन फासांतून, व पुन्हा उरलेल्या दोहोंतून ओढावा. हा खांब होय. वेढा न घेता सुई घालून दोरा ओढला, व दोन्ही फासांतून एकदम बाहेर काढला, तर तो मुका खांब. साखळी तर लहान मुलेही घालतात.

स्वेटरला हात घालण्यापूर्वी नमुन्याचा तुकडा विणावा. येथेच बहुतेकजण कंटाळतात, व येथेच पैसे बुडतात. पंचवीस टाक्यांच्या बारा ओळी विणून तुकडा सपाट ठेवावा, व मधल्या चार इंचांत किती खांब व किती ओळी बसतात ते पट्टीने मोजावे. सोळा खांब व आठ ओळी आल्या असे धरू. म्हणजे इंचास चार खांब व दोन ओळी झाल्या. छाती 36 इंच असेल तर स्वेटर सैलसर 40 इंच हवा, म्हणून पाठ व पुढा प्रत्येकी 20 इंच, म्हणजे 80 खांब. आता एखादीचा हात सैल आहे व तिचे इंचास साडेतीनच खांब बसतात, पण तिने शेजारणीचे पाहून 80 टाके घातले. तिचा एक पट जवळजवळ 23 इंच होईल, व पुरा स्वेटर साडेपाच इंचांहून अधिक ढगळ होईल. तिच्यासाठी 70 टाके योग्य होते. म्हणून दुसऱ्याचा आकडा कधीही उसना घेऊ नये. आपल्या हाताचा आकडा आपणच काढावा.

80 खांबांसाठी 82 साखळ्या घालाव्या व पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत घ्यावा. सुटलेल्या तीन साखळ्या एक खांब समजाव्या. पुढील प्रत्येक ओळीच्या आरंभी तीन साखळ्या घालून तोच पहिला खांब धरावा, खालचा पहिला टाका सोडावा, व शेवटचा खांब मागच्या ओळीच्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर घ्यावा. हा शेवटचा टाका हटकून विसरतो. ओळीमागे एक गेला की बारा ओळींत बारा गेले, म्हणजे तीन इंच! विणणारीस वाटते लोकरच आखडली. ओळ संपली की मोजावे. मोजण्याचा आळस असेल त्याने हे काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या बारा ओळी झाल्या म्हणजे लोकर किती संपली ते वजन करून पाहावे. पाठ 24 इंच, म्हणजे 48 ओळींची. तेव्हा संपलेल्या लोकरीच्या आठपट दोन्ही पटांस पुरेल, व सांधण्यास आणि काठांस थोडी वर घ्यावी. उरलेली लोकर वेष्टनावरील लॉटचा आकडा जुळवूनच आणावी, नाहीतर एकाच निळ्याचे दोन निळे दिसतात.

पाठ 48 ओळी सरळ विणावी. पुढा 42 ओळी विणून मग पहिल्या 24 खांबांवरच आणखी सहा ओळी कराव्या, मधले 32 गळ्यासाठी सोडावे, व शेवटच्या 24 वर नवा दोरा जोडून तशाच सहा ओळी कराव्या. खांदे शिवावे. कडा खालून 15 इंच शिवून वरचे नऊ इंच हातांसाठी मोकळे ठेवावे. गळ्यास व बगलांस मुक्या खांबांचा काठ घालावा.

होडीवर घालावयाचा असेल तर जाळीदार नक्षी नको, कारण गळ तीत अडकतो. आणि लोंबता दोरा अगर गोंडा मुळीच नको, तो यंत्रात गुंतला तर माणसाला ओढून नेईल. ॲक्रिलिकची लोकर स्वस्त, पण विस्तवाजवळ वितळते. चुलीशी व स्टोव्हाशी काम करणाऱ्यांनी हे विसरू नये. खाऱ्या पाण्याने भिजल्यास गोड्या पाण्यात धुवून सपाट जागी पसरावा. ओला टांगला तर आपल्याच वजनाने लांबतो. बोंबील सुकविण्याच्या वलांडीवर टाकू नये हे सांगावयास नकोच.

यापो हेही बंदराचेच गाव. तेथील टबीथा मरण पावली तेव्हा विधवांनी पेत्राला तिने केलेली वस्त्रे दाखविली. तिने मापे कशी घेतली ते शास्त्रात लिहिलेले नाही. परंतु अंगाला न येणारे वस्त्र कोणी रडत रडत दाखवीत नाही, असे मला वाटते.

काही ठिकाणी भगिनीसमाज असे काम विकण्याचा विचार करतो. त्यांनी नरसापूरची हकीकत जाणून घ्यावी. गोदावरीच्या मुखाकडील त्या भागात क्रोशाच्या लेसचे काम एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांकडून आले व पुढे इतर जातींच्या घरांतही पसरले. 1982 साली मारिया मीस या जर्मन विदुषीने त्यावर पुस्तक लिहून दाखविले की, बाया घरी बसून तासन्‌तास विणीत, त्यांचे काम फावल्या वेळचे समजून अत्यल्प मजुरी मिळे, व व्यापार पुरुषांच्या हाती राही. उपदेशकांनी ही गोष्ट समाजाच्या पहिल्याच सभेत बोलावी. पहिला स्वेटर विणताना रोज किती तास लागले ते वहीत लिहून ठेवावे, लोकरीची किंमत शेजारी मांडावी, आणि गिऱ्हाइकाने भाव विचारला म्हणजे ती वही विणणारीनेच उघडावी.