तोतया ठरवलेला राजा : छत्रपती शाहू महाराज गादीवर कसे टिकले?

समजा तुम्ही सात वर्षांचे असताना शत्रूच्या हाती सापडलात आणि पंचविसाव्या वर्षी परत आलात. दारात घरचेच म्हणाले, "हा आमचा नव्हेच, कोणीतरी सोंग घेऊन आलाय!" मग ओळख कशी पटवाल? ना फोटो, ना आधार कार्ड. शाहू महाराजांवर नेमकी हीच वेळ आली होती. (हे कोल्हापूरचे राजर्षी शाहू नव्हेत बरं का. हे संभाजी महाराजांचे पुत्र. परीक्षेत बरीच मुलं इथेच गोंधळतात.)

१६८९ मध्ये रायगड पडला. येसूबाई आणि छोटे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. १७०७ मध्ये औरंगजेब वारला आणि त्याचा मुलगा आझमशहा याने शाहूंना सोडलं. दया आली म्हणून नव्हे! गादीला दोन वारस झाले की मराठे आपसात लढतील, हा त्याचा हिशेब. येसूबाईंना मात्र त्यांनी ओलीस ठेवून घेतलं. म्हणजे शाहू सुटले, पण आईचा जीव मोगलांच्या मुठीतच राहिला.

इकडे महाराणी ताराबाई सात वर्षं औरंगजेबाशी झुंजत होत्या. त्यांचा मुलगा दुसरा शिवाजी गादीवर होता. त्या म्हणाल्या, संभाजी महाराजांच्या वेळचं राज्य गेलं, हे राज्य राजाराम महाराजांनी नव्याने राखलं. आणि आलेला माणूस तर तोतया आहे. ताराबाईंना खलनायिका समजू नका. राज्य त्यांनी खरोखरच राखलं होतं, त्यांच्या बोलण्यात वजन होतं.

आता आपला भाग कुठे येतो ते बघा. जिजाऊंचं माहेर सिंदखेडराजा. शाहू जिजाऊंचे पणतू. कैदेत असतानाच शाहूंचं लग्न झालं, त्यातली एक सोयरीक सिंदखेडच्या जाधवांकडची. ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव, तेही याच जाधवांच्या वंशातले! शाहू खानदेशात आले तेव्हा वऱ्हाडातून परसोजी भोसले फौज घेऊन त्यांना मिळाले. हेच नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे मूळ पुरुष. परसोजी शाहूंसोबत एकाच ताटात जेवले. आज ही गोष्ट साधी वाटेल, पण त्या काळी परक्या माणसाबरोबर कोणी मानी भोसला एका ताटात जेवला नसता. जेवण झालं आणि शंभर कागदांनी झालं नसतं ते काम झालं. मला या सगळ्या प्रकरणातला हा सर्वात हुशारीचा डाव वाटतो.

धनाजींनीही खात्री करून घेतली. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि धनाजी शाहूंकडे वळले. साताऱ्याचा किल्ला मिळाला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी राज्याभिषेक झाला.

इथे पाठ्यपुस्तकातला धडा पुढे सरकतो, पण खरी कसोटी आता सुरू झाली. त्याच वर्षी धनाजी वारले. १७११ मध्ये त्यांचा मुलगा सेनापती चंद्रसेन जाधव बाळाजी विश्वनाथांशी भांडून ताराबाईंकडे गेला आणि पुढे निजामाकडे. ज्या घराण्याने गादी मिळवून दिली, त्याच घराण्यातला सेनापती सोडून गेला! दमाजी थोरात, कृष्णराव खटावकर यांनी बंड केलं. कान्होजी आंग्र्यांनी तर शाहूंच्या पेशव्यालाच, बहिरोपंत पिंगळ्यांना, कैद केलं.

शाहूंकडे पैसा नाही, फौज थोडी. त्यांनी नोव्हेंबर १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद दिलं. बाळाजींनी कान्होजींशी लढाई केलीच नाही. बोलणी केली, किल्ले आणि सरखेल हे पद मान्य केलं आणि कान्होजी शाहूंचे झाले. पुढच्याच वर्षी कोल्हापुरात राजसबाईंनी ताराबाई व त्यांच्या मुलाला कैदेत टाकून स्वतःच्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं. म्हणजे प्रतिस्पर्धी बदलला, संपला नाही. येसूबाई १७१९ मध्ये सुटून आल्या. तीस वर्षं!

इंग्लंडचा राजा सातवा हेन्री यालाही असाच त्रास झाला. १४८५ मध्ये तो लढाई जिंकून राजा झाला. मग लॅम्बर्ट सिमनेल नावाच्या मुलाला राजघराण्यातला म्हणून उभं केलं गेलं. हरल्यावर हेन्रीने त्याला स्वयंपाकघरात कामाला लावलं. दुसरा तोतया पर्किन वॉरबेक मात्र १४९९ मध्ये फासावर गेला. फरक लक्षात घ्या: तिकडे तोतयांना खरे वारस म्हणून पुढे केलं गेलं, इकडे खऱ्या वारसाला तोतया म्हटलं गेलं.

ऑक्टोबर १७२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात साखरखेर्डा इथे मुबारिजखानाला मारून निजाम दख्खनचा धनी झाला. मग त्याने जुनी जखम उकरली. "छत्रपती शाहू की संभाजी? आधी ठरवा, मग चौथाई देतो," असा पवित्रा त्याने घेतला आणि संभाजीला आपल्या बाजूला वळवलं. बाजीरावांनी १७२८ मध्ये पालखेडला निजामाला कोंडीत पकडलं, तेव्हा त्याला संभाजीची पाठराखण सोडावी लागली. १७३१ मध्ये वारणेचा तह झाला. शाहूंनी चुलतभावाला मारलं नाही. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख त्याला दिला. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्या इथून पक्क्या झाल्या.

यात तोटाही होता. सरदारांना सांभाळून घेण्यासाठी मुलूख, पदं, वसुलीचे हक्क वाटावे लागले. सरदार मोठे झाले, पेशवे त्याहून मोठे.

शाहू १७४९ मध्ये निपुत्रिक वारले. ताराबाई तेव्हाही हयात होत्या. त्यांनीच नातू म्हणून पुढे केलेला रामराजा गादीवर बसला आणि वर्षभरात त्यांनी त्यालाही कैद करून तोतया ठरवलं!